गोखरू, सराटा आणि आघाडा : काटेरी बोंडांच्या तणांचा प्रवास ओळखण्याची आणि तोडण्याची पद्धत

दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघालेल्या रानातून किंवा ओढ्याच्या काठाने चालून घरी आलो की धोतराच्या काठाला, साडीच्या निऱ्यांना आणि मुलांच्या पायमोज्यांना काटेरी बोंडे चिकटलेली असतात. उंबऱ्याबाहेर बसून आपण ती एकेक करून काढतो, अंगणाच्या कडेला टाकतो आणि विसरून जातो. त्या तणाची पेरणी तेव्हा आपल्याच हाताने झालेली असते. हे बोंड म्हणजे बी जपून ठेवणारी आणि अंगावर आकडे असलेली पेटी आहे. ती मूळ झाडापासून दूर, उकरलेल्या आणि ओल टिकणाऱ्या जागी पडावी, एवढ्यासाठीच तिचे काटे असतात.

या तणांचा विषय निघाला की बोलणे बहुधा फवारणीपाशी येऊन थांबते. मला हे बरोबर वाटत नाही. झाड मारणे सोपे आहे. श्रावणात कोवळे असलेले गोखरूचे रोप मुठीत धरून ओढले तरी मुळासकट निघते. अवघड आहे ते आपल्याच रानात गळणारे आणि बाहेरून येत राहणारे बी थांबवणे. म्हणून येथे सांगितलेल्या पायऱ्या झाडापेक्षा बोंडाच्या मागे जातात. पेरणीपूर्व पाळीपासून सुगीनंतरच्या सफाईपर्यंत त्या वर्षभरात विभागलेल्या आहेत आणि दोन-अडीच एकरांच्या शेतापासून घराच्या परसापर्यंत कोठेही लागू पडतात.

पहिली पायरी : नावाचा गोंधळ मिटवून झाड ओळखणे

महाराष्ट्रात ‘गोखरू’ हे एकच नाव निदान तीन वेगळ्या झाडांना लावले जाते, आणि या गोंधळातून केवळ तणनियंत्रण चुकते असे नाही, तर जिवावरही बेतू शकते. जमिनीवर पसरणारा, पिवळ्या फुलांचा वेल म्हणजे सराटा. आयुर्वेदातील दशमुळांपैकी गोक्षुर तो हाच, आणि काष्ठौषधींच्या दुकानात त्याला काटे गोखरू किंवा छोटा गोखरू म्हणतात. मोठा गोखरू हे तिळाच्या कुळातील वेगळेच झाड आहे. नदीकाठी, ओढ्याकाठी आणि सोयाबीनच्या शेतात कमरेएवढे वाढणारे, करंगळीच्या पेराएवढ्या आकडेदार बोंडांचे जे झाड बहुतेक शेतकरी गोखरू म्हणून ओळखतात, ते सूर्यफुलाच्या कुळातील शंकेश्वर होय. काही भागांत त्याला लांडगा असेही म्हणतात. या लेखात गोखरू म्हणजे शंकेश्वर आणि सराटा म्हणजे काटे गोखरू, असा अर्थ घ्यावा. शंकेश्वराचे बी व कोवळी रोपे विषारी आहेत, त्यामुळे ‘गोखरू औषधी असतो’ असे ऐकून शेतातले झाड कोणीही घरी नेऊ नये.

गोखरूचे रोप दोन पानांवर असतानाच ओळखता येते. त्याची बीजपत्रे, म्हणजे बीतून निघणारी पहिली दोन पाने, लांबट, जाड, गुळगुळीत आणि भाल्याच्या पात्यासारखी असतात आणि आजूबाजूच्या इतर तणांच्या मानाने फार मोठी दिसतात. शंका असेल तर रोप हलक्या हाताने मातीसह उकरावे. बऱ्याचदा मुळाच्या गळ्यापाशी जुने तपकिरी बोंड अजून अडकलेले सापडते, आणि यापेक्षा खात्रीची खूण दुसरी नाही. पुढे पाने त्रिकोणी, कडेने दातेरी आणि हाताला काचकागदासारखी खरखरीत लागतात, तर खोडावर जांभळट ठिपके किंवा रेघा दिसतात. फुले मात्र शोधूनही सहज दिसत नाहीत. नरफुलांचे लहान गोल गेंद शेंड्याला असतात, मादीफुले खाली पानांच्या बगलेत असतात, दोन्हींना डोळ्यांत भरणाऱ्या पाकळ्या नसतात आणि परागवहन वाऱ्याने होते. ‘फूल आले की काढू’ असे म्हणणाऱ्याच्या लक्षात हे झाड थेट बोंडे लागल्यावरच येते.

सराट्याची ओळख त्याच्या बसण्यावरून पटते. मधल्या एका सोटमुळापासून चारही दिशांना फुटलेल्या फांद्या जमिनीला चिकटून पसरतात, पाने चिंचेच्या पानांसारखी जोडपर्णी असतात आणि पाच पाकळ्यांची लहान पिवळी फुले सकाळी उघडतात. फळ वाळले की त्याचे साधारण पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर दोन लांब व दोन आखूड काटे राहतात. तो तुकडा कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा वर तोंड करून उभा असतो. अनवाणी पायात किंवा सायकलच्या टायरमध्ये सराटा मोडतो तो यामुळेच. या वनस्पतीचे लॅटिन नाव ‘ट्रिब्युलस’ हेही रणांगणात घोड्यांच्या वाटेवर पेरल्या जाणाऱ्या चार टोकांच्या लोखंडी काट्यावरूनच आलेले आहे.

आघाडा सर्वांच्या परिचयाचा आहे, कारण गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये तो असतो आणि ऋषिपंचमीला त्याच्या काडीने दात घासण्याची रीत आहे. त्याच्या लांब तुऱ्यावरची फळे पिकताना खाली वळून दांडीला टेकतात आणि त्यांची टोकदार सहपत्रे कापडात रुततात. याशिवाय कोकणात व सह्याद्रीच्या उतारांवर गुलाबी फुलांची वनभेंडी, पडीक जागी दोन वाकड्या नखांच्या फळांची वाघनखी आणि माळावर कुसळी गवत भेटते. कुसळाची तऱ्हा निराळी आहे. त्याची शेपटी ओलीने उलगडते आणि कोरडेपणाने पुन्हा पिळते, या पिळामुळे टोकदार बी मातीत शिरते आणि मेंढीच्या कातडीतही शिरते. या तिन्हींसाठी पुढील बहुतेक पायऱ्या तशाच लागू आहेत. माझा मुख्य रोख गोखरूवर आणि सराट्यावर आहे.

दुसरी पायरी : बोंड कोठून आले याचा नकाशा काढणे

खुरपे हाती घेण्याआधी एक दिवस फक्त पाहण्यासाठी ठेवावा. कागदावर शेताची चौकट काढून तण कोठे दाट आहे ते खुणेने दाखवावे. तण सगळीकडे सारखे पसरलेले क्वचितच आढळते. त्याच्या पट्ट्या असतात, आणि प्रत्येक पट्टी एखाद्या वाटेकडे बोट दाखवते.

पाट, दंड किंवा ओढा जेथे शेतात शिरतो तेथून पंख्यासारखे पसरलेले गोखरू पाण्याने आलेले असते. वाळलेले बोंड हलके असते, त्यात हवा कोंडलेली असते आणि ते पाण्यावर कित्येक दिवस तरंगू शकते. पूर ओसरल्यावर नदीच्या वळणावर काटक्या, पाचोळा आणि फेसाचा जो ढीग साचतो, त्यात ही बोंडे मुठीमुठीने सापडतात, आणि धरणाचे पाणी मागे हटल्यावर मोकळ्या झालेल्या गाळाच्या जमिनीवर हिवाळा-उन्हाळ्यात गोखरूची दाट राने दिसतात ती याच कारणाने.

बांधाच्या बाजूने, झाडाच्या सावलीखाली किंवा गोठ्याच्या वाटेवर गोलाकार पुंजके असतील, तर ते जनावरांनी आणलेले असतात. बैल सावलीला बसतो, अंग घासतो, शेपटीचा गोंडा झटकतो आणि अडकलेली बोंडे तेथेच पडतात. सरळ रेषेत, चाकोरीच्या कडेने वाढलेला सराटा ट्रॅक्टरच्या किंवा दुचाकीच्या टायरमधून आलेला असतो. शेताच्या एका टोकाला, यंत्र आत शिरते त्या जागी दाट तण दिसले तर हार्वेस्टर किंवा रोटाव्हेटर आधी कोणत्या रानात चालला होता याची चौकशी करावी. कम्बाइन हार्वेस्टर तर राज्याच्या सीमा ओलांडून येतात. उकिरड्याभोवती आणि शेणखत टाकलेल्या पट्ट्यांत उगवलेले तण बहुधा गोठ्यातल्या केरातून व उरलेल्या वैरणीतून आलेले असते.

अशी बोंडे माणसाच्या मालाबरोबर समुद्रही ओलांडतात. ऑस्ट्रेलियात गोखरूला ‘नूगुरा बर’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकीच्या बियाण्यातून ते क्वीन्सलँडमधील नूगुरा नावाच्या मळ्यावर पोहोचले आणि पुढे तेथील लोकर उद्योगाची मोठी डोकेदुखी ठरले. बियाण्याच्या पोत्यात डोकावून पाहण्याची सवय किती मोलाची आहे, ते यावरून कळते.

तिसरी पायरी : मृगापासून श्रावणापर्यंत रोपे काढणे

गोखरूच्या प्रत्येक बोंडात दोन बिया असतात आणि त्या दोन्ही सारख्या नसतात. मोठी बी पहिला चांगला पाऊस होताच उगवते. लहान बी मागे राहते आणि बऱ्याचदा पुढच्या हंगामात किंवा त्यानंतर उगवते. पहिले रोप तुम्ही उपटले तरी दुसरे जमिनीत शिल्लक असते, म्हणून एका वर्षाच्या कष्टाने शेत स्वच्छ होईल ही अपेक्षा ठेवू नये. शिवाय बी मोठे असल्यामुळे चार-पाच इंच खोलीवरूनही रोप वर येऊ शकते. खोल नांगरटीने ते कायमचे गाडले जात नाही, आणि पेरणीनंतर लगेच जमिनीच्या वरच्या थरावर फवारली जाणारी तणनाशके त्यावर अपुरी पडतात ती याच कारणाने.

पाऊस वेळेवर असेल आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, हातचा जाणार नसेल, तर मृगाच्या पहिल्या पावसानंतर सात-आठ दिवस थांबून उगवलेल्या रोपांवर वखराची पाळी द्यावी आणि मगच पेरणी करावी. पाऊस लांबलेला असेल तर मात्र तणासाठी पेरणीचा दिवस गमावू नये. पेरणीनंतर पंधरा ते वीस दिवसांनी कोळपणी, विदर्भात जिला डवरणी म्हणतात ती, द्यावी. ओळींमधली रोपे तिने निघतात, पण पिकाच्या ओळीत, बुंध्याला लागून उगवलेले गोखरू तसेच राहते. पुढे पिकाच्या डोक्यावर जाऊन बोंडे धरणारे झाड बहुतेक वेळा हेच असते. म्हणून कोळपणीनंतर आठवड्याभरात ओळीतली खुरपणी करावी आणि ऑगस्टच्या मध्यावर पिकाच्या वर डोके काढलेली झाडे हाताने उपटण्यासाठी आणखी एक फेरी मारावी. ही तिसरी फेरी सर्वाधिक टाळली जाते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. सोयाबीन दाटल्यावर त्यात शिरणे नकोसे होते हे खरे, पण त्या दिवशी उपटलेल्या प्रत्येक झाडामागे पुढच्या वर्षीची शेकडो बोंडे वाचतात.

तणनाशक वापरायचेच असेल, तर रोप दोन ते चार पानांवर असतानाच वापरावे, डब्यावर आपल्या पिकाचे नाव छापलेले आहे याची खात्री करावी आणि मात्रा तेथे लिहिलेलीच घ्यावी. सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर लहान रोपांवर उपयोगी पडते. ज्वारी, मका, ऊस यांत २,४-डी वापरतात. मात्र त्याचा वाऱ्याने उडालेला तुषार कपाशीला आणि द्राक्षवेलीला फार हानिकारक असतो, म्हणून शेजारी कपाशी किंवा द्राक्षबाग असेल तर मी ते वापरण्याचा सल्ला देणार नाही. रोप गुडघ्याएवढे झाल्यावर केलेली फवारणी बहुधा पाने करपवते, झाड पुन्हा फुटते आणि बोंडे धरतेच.

सराटा काढण्याची रीत वेगळी आहे. तो उगवल्यापासून तीनेक आठवड्यांत फुलू लागतो, त्यामुळे त्याच्याकडे पाहण्याचे अंतर दोन आठवड्यांपेक्षा जास्त असू नये. वेल मधूनच उपटला तर फांद्या तुटतात आणि पक्की फळे जागच्या जागी सांडतात. म्हणून हातमोजे घालून किंवा जाड गोणपाटाचा तुकडा हातात धरून आधी बाहेरची टोके उचलावीत, सर्व फांद्या मध्याकडे गाठोड्यासारख्या दुमडून घ्याव्यात आणि मग खुरप्याने मूळ जमिनीखाली बोटभर खोलीवर छाटावे. मुळाचा गळा निघाला की हा वेल पुन्हा फुटत नाही.

चौथी पायरी : हिरव्या बोंडाची मुदत पाळणे

गोखरू केव्हा फुलावे हे रात्रीच्या लांबीवरून ठरवतो. १९३८ साली कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी वनस्पतींच्या फुलोऱ्यावर जे गाजलेले प्रयोग केले, ते याच झाडावर. साडेआठ तासांच्या आसपासची किंवा त्याहून मोठी अखंड अंधारी रात्र मिळाली की त्यांच्या प्रयोगातल्या झाडांना फुलोऱ्याचा संकेत मिळत होता, आणि त्यासाठी अशी एकच रात्र पुरत होती. महाराष्ट्रात वर्षातली सर्वांत लहान रात्रही सुमारे साडेदहा तासांची असते. त्यामुळे ‘झाड अजून लहान आहे, आत्ताच बोंड येणार नाही’ हा हिशेब आपल्याकडे चालत नाही. सप्टेंबरच्या शेवटी उगवलेले, वीतभरही न झालेले रोप दोन-चार बोंडे धरून मोकळे होते, आणि अशी खुजी रोपेच रब्बीच्या तयारीत नजरेतून सुटतात.

बोंड हिरवे आणि मऊ असते तेव्हा नखाने दाबून पाहावे. नख सहज आत गेले आणि आतला गर पाणचट असला तर झाड उपटून बांधावर उलटे टाकले तरी चालते. नख अडू लागले, काट्यांचे आकडे बोटाला टोचू लागले आणि रंग पिवळट झाला, तर मुदत संपत आली असे समजावे; अशा अवस्थेत झाड उपटून रानात टाकले तर आतले बी खोडातल्या उरलेल्या रसावर पक्के होऊ शकते. तेव्हापासून उपटलेले प्रत्येक झाड पोत्यात भरूनच बाहेर न्यावे. झाड ओढताना हिसका देऊ नये. एका हाताने शेंडा पोत्यात घ्यावा आणि दुसऱ्या हाताने बुंधा उपटावा.

आघाड्याच्या बाबतीत हीच मुदत तुऱ्यावरून कळते. तुरा वरच्या टोकाला अजून फुलत असतो तेव्हाच खालची फळे खाली वळून पक्की होऊ लागलेली असतात. पत्रीसाठी तोडताना कोवळे, तुरा न आलेले शेंडे घ्यावेत. तुरे आलेला आघाडा निर्माल्यातून खतखड्ड्यात गेला तर पुढच्या पावसात तेथे त्याचेच रान उभे राहते.

पाचवी पायरी : वाळलेली बोंडे गोळा करणे

सर्व काळजी घेऊनही काही बोंडे सुटतातच. ऑक्टोबर ते डिसेंबर हे त्यांना वेचण्याचे दिवस आहेत, आणि त्यासाठी बोंडाचा चिकटण्याचा गुणच आपल्या उपयोगी पडतो. जुनी, फाटकी घोंगडी घ्यावी, तिच्या एका काठाला बांबू शिवावा, बांबूच्या दोन टोकांना दोर बांधावा आणि ती बांधावरून, धुऱ्यावरून, वाटेच्या कडेने सावकाश ओढत न्यावी. लोकरीत आकडे अडकतात आणि सुटी बोंडे वर येतात. सराट्यासाठी घोंगडीपेक्षा जुना फोमचा गादीचा तुकडा चांगला. तो पाटीवर ठोकून, वर वजन देऊन, कोरड्या जमिनीवर दाबत ओढला की सराट्याचे तुकडे त्यात रुतून निघतात. अंगण, खळे, शाळेचे मैदान आणि मंदिराभोवतीची प्रदक्षिणेची वाट या पद्धतीने दोन-तीन फेऱ्यांत बऱ्यापैकी साफ होते. जमीन ओली असताना हे काम करू नये, कारण बोंडे मातीत दाबली जातात.

प्रत्येक फेरीनंतर घोंगडीवरची बोंडे मोजून किंवा निदान ओंजळीच्या मापाने वहीत लिहून ठेवावीत. पुढच्या वर्षी त्याच बांधावर, त्याच आठवड्यात काढलेल्या मापाशी तुलना केली की आपण पुढे चाललो आहोत की मागे, हे कळते.

गोळा केलेल्या बोंडांचे काय करावे, याचे उत्तर एकच : कोरड्या, वारा नसलेल्या दिवशी, गवतापासून दूर असलेल्या लहान खड्ड्यात ती जाळावीत आणि राख पाहून खात्री करावी. उकिरड्यावर टाकलेले पक्के बोंड तगून राहते, कारण घरच्या खतखड्ड्यात सगळीकडे सारखी आणि पुरेशी उष्णता क्वचितच निर्माण होते. ओढ्यात तर ती मुळीच टाकू नयेत. ती तेथून खालच्या शेताकडे जातात.

सहावी पायरी : वाटा बंद करणे

पाण्याच्या वाटेवर उपाय स्वस्त आहे. दंड शेतात शिरतो त्या तोंडाशी लाकडी चौकटीत बसवलेली जाळी तिरकी उभी करावी. गोखरूचे बोंड साधारण एक सेंटिमीटर जाड असते, म्हणून जाळीचे छिद्र त्याहून स्पष्टपणे लहान हवे. अर्धा सेंटिमीटर पुरते. बारे, म्हणजे पिकाला पाणी देणे, चालू असताना जाळीवर साचलेला कचरा दर तासा-दोन तासांनी पाण्याबाहेर काढावा, नाहीतर पाणी जाळीवरून उसळते आणि सगळा कचरा एकदम आत जातो. पूर येऊन गेलेल्या शेतात वाफसा येण्याआधीच काठावरचा पाचोळ्याचा थर दाताळ्याने ओढून घ्यावा. त्या थरावर नांगर फिरला की बोंडांची पेरणीच होते.

जनावरांची वाट अधिक नाजूक आहे. दिवाळीनंतर देशावरची अनेक मेंढरे घाट उतरून कोकणात जातात आणि वाटेत शेतांत बसवली जातात. त्यांच्या लेंडीखताचे मोल शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे. त्यांच्या लोकरीतून बोंडेही येतात हे खरे असले, तरी मेंढपाळाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण बोंडांनी भरलेल्या लोकरीचे मोल उतरते आणि नुकसान आधी त्याचेच होते. मार्ग असा आहे की मेंढरे बसवायची ती शेताच्या ठरावीक, घराजवळच्या पट्ट्यात बसवावीत, तो पट्टा वहीत नोंदवावा आणि मृगाच्या पावसानंतर तेथे सर्वांत आधी फेरी मारावी. मेंढरे आपल्या रानात येण्याआधी आपल्याच बांधावरची बोंडे वेचून ठेवली, तर ती पुढच्या गावाला जात नाहीत, ही आपली बाजूही पाळली पाहिजे.

यंत्रांच्या बाबतीत संकोच करू नये. रोटाव्हेटर, मळणीयंत्र किंवा हार्वेस्टर शेतात शिरण्याआधी बांधाबाहेरच्या कडक जागेवर ब्रशने झाडून घ्यावा, टायरच्या खाचा पाहाव्यात आणि मळणीयंत्र पाच मिनिटे रिकामे चालवून आत राहिलेले धान्य व कचरा वेगळ्या ताडपत्रीवर काढावा. बियाणे घरचे असेल तर चाळणीने चाळून, सुपात पाखडून आणि शेवटी पांढऱ्या कापडावर पसरून हाताने निवडावे. विकत आणलेल्या कडब्याच्या पेंढ्या गोठ्याजवळच सोडाव्यात, म्हणजे गळलेली बोंडे एका जागी सापडतात.

सातवी पायरी : विषबाधेपासून जपणे

गोखरूच्या बियांत आणि बीजपत्रांत कार्बोक्सिअट्रॅक्टिलोसाइड नावाचे विष असते. ते पेशींना ऊर्जा मिळू देत नाही, रक्तातील साखर खाली आणते आणि यकृताला इजा करते. सर्वाधिक धोका दोन पानांच्या रोपात असतो. खरी पाने वाढतात तसे विषाचे प्रमाण झपाट्याने उतरते. अडचण अशी की पहिल्या पावसानंतर आणि धरणाच्या गाळपेर जमिनीवर नेमकी हीच रोपे हिरव्या गालिच्यासारखी उगवतात आणि हिरव्या चाऱ्याला आसुसलेली वासरे, गाई व डुकरे त्यांवर तुटून पडतात. अशा जागी जनावरे दोन आठवडे तरी सोडू नयेत. जनावर मान टाकते आहे, तोल जातो आहे, झटके येत आहेत असे दिसले तर घरगुती उपचारात वेळ न घालवता पशुवैद्याला बोलवावे आणि त्या रानातले एक रोप दाखवण्यासाठी बरोबर ठेवावे.

माणसांनाही हा धोका आहे. २००७ साली बांगलादेशच्या सिल्हेट भागात पुरानंतर अन्नाची टंचाई असताना लोकांनी या झाडाची कोवळी रोपे पालेभाजी म्हणून शिजवून खाल्ली; ७६ जण आजारी पडले आणि त्यांतील १९ जणांचा मृत्यू झाला. रानभाज्या गोळा करणाऱ्यांनी, विशेषतः मुलांना बरोबर नेणाऱ्यांनी, ही जाड, लांबट बीजपत्रे ओळखायला शिकून घ्यावे.

आठवी पायरी : कपड्यांतून आणि जनावरांच्या अंगावरून बोंडे काढणे

शेताच्या फाटकाशी किंवा घराच्या पायरीजवळ झाकणाचा एक डबा कायम ठेवावा आणि अंगावरची प्रत्येक बोंड त्यातच टाकावी. कपड्यावरची बोंडे ओढून न काढता कंगव्याचे दाते कापड आणि बोंड यांच्यामध्ये सरकवून उचलावीत, म्हणजे धागे ओढले जात नाहीत. बैलाच्या शेपटीचा गोंडा किंवा कुत्र्याचे कान यांत बोंडांचा गुंता झाला असेल, तर त्यावर खोबरेल तेल चोळून थोडा वेळ थांबावे, गुंत्याच्या वरचे केस चिमटीत घट्ट धरावेत आणि टोकाकडून मुळाकडे एकेक बोंड सोडवावे. कुत्र्याच्या पायांच्या बोटांमध्ये सराटा किंवा कुसळ शिरलेले असते ते वरून दिसत नाही. कुत्रा एकसारखा पंजा चाटत असेल तर बोटे फाकवून पाहावीत, आणि कुसळ कातडीखाली गेले असेल तर ते पशुवैद्याकडूनच काढून घ्यावे.

नववी पायरी : दुसरे आणि तिसरे वर्ष

पहिल्या वर्षी एकही बोंड गळू दिले नाही, तरी दुसऱ्या मृगात गोखरू पुन्हा उगवलेले पाहून निराश होऊ नये. ती बोंडातली मागे राहिलेली दुसरी बी असते. बहुतेक बी पहिल्या दोन-तीन वर्षांत उगवून संपते, त्यामुळे तिसऱ्या वर्षी दाट पट्ट्या विरळ होतात आणि काम तासांवर येते. सराट्याचे बी काहीसे अधिक काळ टिकते, म्हणून वाटेच्या कडा आणि खळ्याची फेरी त्यानंतरही चालू ठेवावी लागते.

तिसऱ्या वर्षीही एखादी पट्टी तशीच दाट राहिली, तर बी बाहेरून येत आहे हे निश्चित समजावे आणि दुसऱ्या पायरीतला नकाशा पुन्हा हातात घ्यावा. बहुतेक वेळा उत्तर ओढ्याच्या वरच्या अंगाला सापडते. अशा वेळी वरच्या दोन-तीन शेतकऱ्यांना भेटून ऑगस्टच्या मध्यावर काठाची खुरपणी एकाच दिवशी करण्याचे ठरवावे, काठाचा प्रत्येक तुकडा कोणी पाहायचा हे वाटून घ्यावे, आणि काम वरच्या टोकापासून सुरू करून पाण्याच्या दिशेने खाली यावे, म्हणजे वरून सुटलेले एखादे झाड खालच्या माणसाच्या नजरेस पडते.